किलोवर घेतलेली करवत

सोलापुरात जुनं मशीन नगावर मिळत नाही, किलोवर मिळतं. पूर्व भागातून एखादी चक्कर मारा, मोडीत काढलेल्या पॉवरलूमचे ढीग दिसतील, बीड म्हणजे ओतीव लोखंड एकीकडं, साधं लोखंड एकीकडं आणि तांबं मात्र आत मालकाच्या खुर्चीमागं. ज्या मागावर काल-परवापर्यंत चादर निघत होती त्याची किंमत वजनकाट्यावर ठरते आणि काट्याला काय, माग आणि गटाराचं झाकण सारखंच. माझी टेबल सॉ अशीच काट्यावरनं घरी आली, पावणेतीनशे किलो. बिडाच्या पेटीवर बिडाचं टेबल, मधल्या फटीतून गोल ब्लेड वर येतं आणि लाकूड आपण त्याच्याकडं ढकलत न्यायचं. आपल्याकडचे सुतार प्लायचा चौकोन घेतात, खालून हँड कटर उलटा कसतात आणि त्याच्यावर अख्ख्या बंगल्याचं फर्निचर उरकतात, त्यामुळं हे एवढं धूड कशाला पाहिजे हा बायकोचा प्रश्न रास्तच होता. माझ्याकडं त्याचं धड उत्तर आजही नाही. दिवसभर ऑफिसात स्क्रीन बघतो, जुळे सोलापुरात घरामागं पत्र्याची शेड आहे, आणि लाकूड कापायला आवडतं, एवढंच.

भंगारवाला म्हणाला, "गिरणीतला माल आहे साहेब." आता आमच्या गावात कुठलीही जुनी वस्तू गिरणीतलीच असते, पंखा असो नाहीतर बाकडं. १८७७ ची जुनी गिरणी, मग नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम मिल, भोंग्यावर ज्या गावाचं घड्याळ चालायचं तिथं असं सांगितलं की गिऱ्हाईक जरा हळवं होतं हे त्या माणसाला पक्कं ठाऊक आहे. मशीनवर कंपनीची पाटी नव्हती, रिव्हेटची भोकं तेवढी शिल्लक. पण बोल्टवरून थोडंफार कळतं. चार सुती बोल्ट म्हणजे अर्ध्या इंचाचा, त्याचे आटे मोजले तर इंचाला १२ भरले. अमेरिकन बोल्टला ते १३ असतात, म्हणजे हा व्हिटवर्थचा, १८४१ च्या ब्रिटिश मापाचा, ज्याच्या आट्याचा कोन ५५ अंश असतो आणि आपल्या आजच्या मेट्रिक बोल्टचा ६०. आपल्याकडं मेट्रिकचा कायदा १९५६ ला आला, म्हणजे मशीन तरी त्याच्या आधीचं नाहीतर ज्या ड्रॉइंगवरनं केलं ते तरी. गिरणीतलं असेलही. नसेलही. मी असेल असंच धरून चाललोय.

आमच्या गल्लीत एक मामा आहेत, गिरणी बंद पडेपर्यंत तिथं फिटर होते. टेम्पोतनं मशीन उतरताना ते टॉवेल खांद्यावर टाकून आले, कुणाला काही न विचारता पाना घेतला आणि टेबलावर ठिकठिकाणी हळूच ठोकत कान लावला. बिडाला चीर गेली असली की आवाज फुटका येतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं मामा कलिंगड बघतायत. सगळीकडं ठोकून झाल्यावर म्हणाले, "हे भंगार न्हाय बे. अंग चांगलं हाय ह्येचं. कितीला काढलास?" आकडा सांगितला तर म्हणाले, "महाग दिलास." दोन्ही वाक्यं एकाच दमात.

गिरण्यांचं काय झालं, जागांचं काय झालं हे गावात सगळ्यांना तोंडपाठ आहे, त्यावर चहाच्या गाड्यावर रोज बोलणं होतं. पण गिरणीत साच्यावर म्हणजे मागावर, फिटिंगात, लेथवर, सुतारखात्यात जी माणसं होती त्यांच्या हातातलं काम कुठं गेलं हे कुणी बोलत नाही. ते गल्लीबोळात पांगलं. कुणी घरासमोर मोटर रिवायंडिंगची टपरी टाकली, कुणाच्या पोरानं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेथ लावला, कुणी मामांसारखं नुसतंच कट्ट्यावर बसतं. नेटवर सर्च करून यातलं एकही नाव सापडत नाही. तुमच्याकडं एखादं बिघडलेलं मशीन पाहिजे, मग एकाकडनं दुसऱ्याकडं पत्ते मिळत जातात. मी या गावात जन्मलो, वाढलो आणि निम्मं गाव मला या करवतीनं दाखवलं, हे जरा लाजिरवाणंच आहे पण खरं आहे.

गंजाचं काम तसं कंटाळवाणं. टेबलावर रॉकेल टाकून पॉलिश पेपर मारायचा, लाकडाच्या सपाट ठोकळ्याला गुंडाळून, बोटानं नाही, नाहीतर खड्डे पडतात. बारके पार्ट मात्र मी टबात घातले. धुण्याच्या सोड्याचं पाणी, बॅटरी चार्जर, निगेटिव्हला गंजका पार्ट आणि पॉझिटिव्हला साधं लोखंड, गंज आपोआप मऊ पडून सुटतो. स्टेनलेसचा तुकडा पॉझिटिव्हला लावायचा नाही, त्यातनं क्रोमियमचं विषारी पाणी होतं, आणि टब उघड्यावरच ठेवायचा कारण हायड्रोजन निघतो. हे सगळं मी बायकोला नीट समजावून सांगितलं, तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अहो, पण पाणी कुठनं आणणार?" ज्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथं केमिस्ट्रीच्या आधी टाकी बघायला लागते. शेवटी बोअरचं पाणी मिळालं. खारट होतं, पण गंजाला काय त्याचं.

जुना रंग काढताना मात्र घाई केली नाही. तेव्हाच्या रंगात शिसं असायचं, तो कोरडा घासला की धूळ छातीत जाते, म्हणून मास्क लावून ओलं करून खरवडायचं. मे महिन्यासारखं ऊन फेब्रुवारीतच सुरू झालेलं, पत्र्याची शेड आणि तोंडाला मास्क. असो.

खरी मजा बेअरिंगची. ब्लेडचा शाफ्ट हातानं फिरवला की आतून खरखर यायची, म्हणजे बेअरिंग गेलेले. बाजारात ६२०५ हा नंबर पोत्यानं मिळतो आणि नंबरातच माप असतं, शेवटच्या ०५ ला पाचानं गुणलं की आतलं भोक, २५ मिलिमीटर. माझा शाफ्ट मोजला तर २५.४. अर्थात, एक इंच. ०.४ मिलिमीटर म्हणजे तसं काहीच नाही, पण बेअरिंग चढणार नाही म्हणजे नाही. लेथवाले अण्णा म्हणाले, द्या इकडं, शाफ्ट टर्न करून पंचवीसला आणतो, बेअरिंग बसतं त्या घराला बुश, म्हणजे मधली कडी, घालतो, संध्याकाळी घेऊन जावा. सोपं होतं, स्वस्त होतं, आणि खरं सांगायचं तर अण्णांचं चुकतही नव्हतं. पण एकदा शाफ्ट उतरवला की तो परत इंचाचा होणार नाही, आणि ब्लेडचं भोकही इंचाचंच असतं, मग तिथंही वायसर, बुश, एकाला एक जोडत जायचं. मी म्हटलं थांबा जरा. अण्णा हसले. तेलुगूत आपल्या पोराला काहीतरी म्हणाले, ते माझ्याबद्दलच असणार. पण मग त्यांनीच एका बेअरिंगच्या दुकानाचा पत्ता दिला, म्हणाले, त्यांच्या वडलांना विचारा, पोराला नको. वडील गल्ल्यामागं पेपर वाचत बसले होते. इंची बेअरिंग म्हटल्यावर त्यांनी पेपर खाली ठेवला, माळ्यावर चढायला पोराला लावलं आणि तेलकट कागदातला जोड निघाला, आत एक इंच, बाहेर सव्वादोन इंच, रुंदी पाच सूत. गिरण्या चालू होत्या तेव्हा हा माल रोज जायचा, म्हणाले. आता कोण विचारतंय. पैसे त्यांनी घेतले ते मात्र आजच्या भावानं.

मोटर तीन फेजची, तीन एचपी. घरी सिंगल फेज. छंदापायी तीन फेजचं कनेक्शन मागायला गेलो असतो तर कारणाच्या रकान्यात काय लिहिणार. यावर उपाय आहे, बारका ड्राइव्ह मिळतो, सिंगल फेज आत घेतो आणि २३० व्होल्टचं तीन फेज बाहेर देतो, पण मग मोटर स्टारमधनं डेल्टात करायला लागते, म्हणजे तिच्या वायंडिंगची जोडणी बदलायची. वायंडिंगवाल्यानं टर्मिनलची पेटी उघडली, सहा टोकं बाहेर आहेत म्हटल्यावर तीन पट्ट्या आडव्याच्या उभ्या केल्या आणि झालं म्हणाला. पैसे किती? "पट्ट्या फिरवायचे काय पैसे ओ, बसा, चहा घ्या." मोटर मिनिटाला २८८० फेरे मारते, दोन्ही पुल्या सारख्या, ब्लेड बारा इंची, म्हणजे दाताच्या टोकाचा वेग ताशी १६५ किलोमीटरच्या घरात जातो. आमच्याकडनं मुंबईला जाणारी वंदे भारत एवढी पळत नाही. हे गणित केल्यावर मी पहिल्यांदा त्या ब्लेडकडं नीट बघितलं.

म्हणून ब्लेडच्या मागची पाचर आणि वरचं झाकण आधी बसवलं, रंग नंतर. ब्लेडचे पुढचे दात लाकूड खाली दाबतात, मागचे दात वर येत असतात, कापलेली फट मिटून लाकडानं ब्लेडला चावलं की तेच मागचे दात लाकूड उचलून थेट आपल्या पोटावर फेकतात. पाचर त्या फटीत उभी राहून ती मिटू देत नाही. अमेरिकेत बोटाचा स्पर्श कळून काही मिलिसेकंदात थांबणारी करवत निघालीय, ती या म्हाताऱ्या मशीनला बसवता येत नाही, त्यामुळं पाचर, झाकण, ढकलायची काठी आणि डोकं ठिकाणावर, एवढंच हातात. कितीतरी सुतारांची बोटं अर्धी असतात आणि ते सांगताना हसतात, ते मला कधीच बघवत नाही.

हे ब्लेड तिरपं होतं, टेबल नाही. जुन्या मशीनमध्ये बऱ्याचदा टेबलच कलतं करायचे, अमेरिकेत १९३९ साली डेल्टा कंपनीची युनिसॉ ही करवत आली, दहा इंची आणि ब्लेड कलणारी, ती पद्धत मग रूढ झाली. त्या कलण्याच्या कमानीत लाकडाच्या भुशाची आणि ग्रीसची अशी काही खळ झाली होती की छिन्नीनं काढली. तिथं परत ग्रीस लावायचं नाही, भुसा चिकटतो, मेण लावायचं.

सगळं जुळवल्यावर मामांना बोलावलं. टेबलावर जी सरळ खाच असते तिला ब्लेड समांतर पाहिजे, नाहीतर लाकूड करपतं आणि अंगावर येतं. मी हौसेनं नवा डायल गेज आणला होता, घड्याळासारख्या काट्यावर बारीक फरक दाखवणारा. मामांनी तो हातात घेतला, कौतुकानं बघितला, डबीत परत ठेवला. मग खाचेत बसेल अशी लाकडी पट्टी मागितली, तिच्या टोकाला एक स्क्रू पिळला, एका दातावर खडूनं खूण केली, तो दात स्क्रूला जेमतेम घासेल असं जुळवलं आणि आवाज ऐकला. मग तोच दात हातानं फिरवून मागं नेला, पट्टीही मागं सरकवली, परत ऐकलं. "मागं जास्त लागतंय." टेबलाचे बोल्ट ढिले केले, लाकडी हातोड्यानं एक टिचकी. परत ऐकलं. अजून अर्धी टिचकी. "बघ आता तुझ्या घड्याळावर." गेज लावला तर फरक दोन थाऊ, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजे फरक मिलिमीटरचा विसावा भाग. पुस्तकी हिशेबात चार थाऊपर्यंत चालतं. मी काही बोललो नाही, मामाही नाहीत, फक्त टॉवेल झटकला.

रंगावरनं मात्र आमचं वाजलं. मामांचं म्हणणं, गिरणीत मशीन हिरवं असायचं, हिरवंच दे. माझ्या मते रंग फक्त पेटीला, तोही साधा करडा, आणि टेबलावर जिथं कुणीतरी पंचनं मापाच्या खुणा मारल्यात, एका कोपऱ्यात नाणं ठेवल्याएवढा गंजाचा डाग खोल गेलाय, ते तसंच राहू द्यायचं. शोरूमसारखं चकचकीत जुनं मशीन मला आवडत नाही, म्हाताऱ्या माणसाला मेकअप केल्याचा भास होतो. टेबलावर नुसतं मेण, सिलिकॉनचा स्प्रे नाही, तो लाकडाला लागला की पॉलिश धरत नाही. मामा अजून येता-जाता म्हणतात, "हिरवं पायजे होतं."

खंडेनवमीला अजून बराच अवकाश होता पण आईनं तेवढं थांबणं काही मान्य केलं नाही, हळदकुंकू, नारळ आणि ड्राइव्हच्या बटणाला फुलसुद्धा. पहिला काप जुन्या चौकटीच्या सागवानाला दिला. बीड थरथर गिळतं असं वाचलं होतं, आतल्या ग्राफाइटमुळं, पण टेबलावर उभं ठेवलेलं नाणं ब्लेड फिरत असताना तसंच उभं राहिलं तेव्हा पटलं.

आता अडचण वेगळीच. गल्लीत बातमी गेली. कुणाला प्लायचा तुकडा, कुणाला देव्हाऱ्याची फळी, आणि मामांनी तर न विचारताच लाकडाचा भारा आणून टाकलाय, त्यांच्या भावकीत अजून एक हातमाग चालू आहे, त्याच्या धोट्याच्या म्हणजे शटलच्या पेटीला पट्ट्या पाहिजेत, सरळ रेषेच्या, गाठ नको, आणि दोन थाऊच्या वर फरक चालणार नाही म्हणे. रविवारी कापायचं ठरलंय. पण त्याच्या आधी भुशाचं काहीतरी करायला लागेल, कारण शेजारच्या काकूंनी गच्चीवर कुरडया घातल्यात आणि मागच्या खेपेला त्यांनी भिंतीवरनं डोकावून विचारलं होतं, "हे सागवानाचं आहे की कडुलिंबाचं, तेवढं सांगून ठेवा, म्हणजे तळताना कळेल."