कॅज्युअल्टीतले माझे दोन उन्हाळे

विदर्भातल्या एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत मी डॉक्टर आहे. मे महिन्यात दुपारी साडेतीनला वीटभट्टीवरचा एक तिशीतला माणूस आणला. बेशुद्ध, वाटेत झटके येऊन गेलेले, अंगाला हात लावला की चटका बसावा असं शरीर. काखेतला थर्मामीटर १०३ दाखवत होता. आम्ही सलाइन लावलं, पॅरासिटामॉल दिलं, मेंदूज्वर की मेंदूचा मलेरिया यावर बोललो आणि सीटी स्कॅनची वाट पाहिली. संध्याकाळी तो गेला. कागदावर मृत्यूचं कारण मी लिहिलं: हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे. ऊन हा शब्द त्या केसपेपरवर कुठेच नव्हता. तो कागद अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

त्याच पावसाळ्यात आमच्याकडे प्रशिक्षणाचं पत्र आलं. केंद्र सरकारने २०१९ मध्ये हवामान बदल आणि मानवी आरोग्य असा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्यातलं हे प्रशिक्षण. मी स्वतःहून नाव दिलं. इमर्जन्सी मेडिसिनला आपल्याकडे स्वतंत्र एमडीचा दर्जा मिळाला तो २००९ साली, विषय तसा तरुण. त्यात पर्यावरण शिकवणारं कोण असणार? एमडीला उष्माघात एका तासात आटोपला होता.

पहिल्याच सत्रात मला माझी चूक कळली. उष्माघातात काखेतलं तापमान फसवतं, शरीराच्या आतलं मोजावं लागतं, म्हणजे गुदद्वारातून. पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, कारण हा जंतूंमुळे येणारा ताप नव्हे. शरीराची उष्णता बाहेर टाकायची यंत्रणाच कोलमडलेली असते. आतलं तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर आणि जोडीला बेशुद्धी किंवा बरळणं असेल, तर आधी थंड करायचं, तपासण्या मागाहून. अर्ध्या तासात तापमान ३९ पर्यंत खाली आणायचं आणि तिथेच थांबायचं, नाहीतर ते गरजेपेक्षा खाली घसरतं. मी वहीत लिहीत होते आणि भट्टीवरचा तो माणूस आठवत होता. साडेतीन ते संध्याकाळ. आमच्याकडे वेळ होता.

अहमदाबादचं उदाहरण तिथेच ऐकलं. मे २०१० च्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले आणि २०१३ मध्ये त्या शहराने आपला उष्णता कृती आराखडा केला. लोकांना आधी इशारा देणं आणि डॉक्टरांना तयार करणं, दोन्ही त्यात होतं.

परत आल्यावर खरं काम सुरू झालं. गुदद्वारातून तापमान घ्यायला सिस्टर संकोचायच्या, नातेवाईक अंगावर यायचे. मी प्रत्येकाला एकच सांगायचे, "दादा, आत किती तापलंय ते कळल्याशिवाय मला उपचार करता येणार नाहीत." हळूहळू सवय झाली. पेशंटला बर्फाच्या पाण्यात ठेवायला टब मागवला, ती मागणी स्टोअरमधून परत आली. मग ताडपत्री घेतली. पेशंटला मधोमध ठेवायचं, चार जणांनी चारही कडा उचलून धरायच्या, आत बर्फाचं पाणी ओतायचं आणि झोळीसारखं हलवत राहायचं. गावातल्या बर्फाच्या कारखान्याने फोन केल्यावर लादी पाठवायचं कबूल केलं. फेब्रुवारीत आम्ही सराव केला. वॉर्डातले मामा पेशंट म्हणून आडवे झाले, मावशींनी बादल्या भरल्या. पहिल्या वेळी तयारीलाच अकरा मिनिटं लागली आणि निम्मं पाणी फरशीवर गेलं. तिसऱ्या वेळी चार मिनिटं.

एप्रिलच्या शेवटी एका आजीला नातू खांद्यावर टाकून घेऊन आला. टिनाच्या छपराची खोली, दुपारभर वीज नाही, त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू. आतलं तापमान ४१.६. कोणी मला विचारायला थांबलं नाही. मी वळेपर्यंत ताडपत्री अंथरलेली होती. एकीकडे श्वासावर आणि मॉनिटरवर लक्ष, दुसरीकडे बर्फाचा चुरा. बाविसाव्या मिनिटाला आकडा ३९ वर आला तशी आजीला बाहेर काढून कोरडं केलं. थोड्या वेळाने त्या पुटपुटल्या, "थंडी वाजून राहिली मले." सिस्टर भिंतीकडे तोंड करून रडल्या. मीही.

आजी उन्हात गेल्याच नव्हत्या. हे मला भट्टीच्या पेशंटकडून कधीच शिकता आलं नसतं. १ मार्च ते ३१ जुलै उष्णतेच्या रुग्णांची रोजची नोंद सरकारी पोर्टलवर भरावी लागते. त्यासोबत आम्ही आमचा एक साधा फॉर्म ठेवला. छप्पर कशाचं, काम कोणतं आणि किती वाजता, पाणी कुठून आणता, कोणत्या गोळ्या सुरू आहेत. औषधाच्या रकान्यामुळे मेडिसिनच्या सहकाऱ्यांशी बोलणं सुरू झालं, उन्हाळ्यात कोणाच्या गोळीचा डोस पाहावा लागेल यावर. पाण्याच्या रकान्याने मात्र मला रुग्णालयाबाहेर नेलं. मे महिन्यात आलेल्या बायका बऱ्याचशा एकाच वस्तीतल्या, आणि जवळपास प्रत्येकीच्या फॉर्मवर तेच: टँकर, दुपारी एक वाजता.

ते फॉर्म घेऊन मी नगरपालिकेच्या बैठकीला गेले. पाणीपुरवठ्याचे अभियंते, नगरसेवक, आणि मी एकटी डॉक्टर. माझं इथे काय काम, असं एकाने विचारलंही. मी सांगितलं की या रांगेतल्या बायका दोन तासांनी माझ्या टेबलावर येतात, आणि टँकर सकाळी आला तर त्या येणार नाहीत. बर्फापेक्षा हा उपचार स्वस्त आहे आणि लवकर होतो, असं मला मनापासून वाटतं. दोन बैठका, एक लेखी अर्ज, मग पुन्हा एक बैठक. जूनच्या पहिल्या आठवड्यात टँकर सकाळी साडेसातला यायला लागला. उन्हाळा संपत आला होता, तरी आला.

या वर्षी फॉर्ममध्ये एक रकाना वाढवलाय. आजीचा नातू पुन्हा भेटला तेव्हा म्हणाला होता, रात्री दोनपर्यंत भिंती गरमच असतात, म्हातारी आठवडाभर झोपलीच नव्हती. म्हणून आता छपराच्या रकान्याखाली लिहिलंय: रात्री घरात झोप लागते का?