लस चार वेळा घेतली, टायटर आला 3

मी भांडुपला राहतो. आठवड्यातून तीनदा सकाळच्या पहिल्या शिफ्टला डायलिसिस असतं, चार-चार तास. सुरुवातीलाच हिपॅटायटिस बीची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीची, लस चालू झाली. आम्हा डायलिसिसवाल्यांना डोस दुप्पट, 40 मायक्रोग्रॅम, आणि तो चार वेळा: पहिला दिला की 1, 2 आणि 6 महिन्यांनी. डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी), म्हणून दुप्पट डोसच्या दोन्ही सुया उजव्याच दंडात. सिस्टर मध्ये दोन बोटं अंतर ठेवायच्या. रात्री त्या कुशीवर वळता यायचं नाही.

चौथ्या डोसनंतर फाइलवर ‘लसीकरण पूर्ण’ असं लिहिलं गेलं. टायटर, म्हणजे लसीने रक्तात किती अँटीबॉडी तयार झाल्या त्याची तपासणी, करा असं कोणी म्हणालंच नाही, याचा मला अजून राग आहे. शेजारच्या बेडवरच्या मावशींनी सहज विचारलं, “माझा शंभरच्या वर आला, तुमचा किती?” मग कळलं, की शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटीबॉडी मोजतात आणि त्या किमान 10 तरी लागतात. मी तपासून घेतलं. 3!

लस खराब निघाली की माझंच पथ्य चुकलं, काही सुचेना. डॉक्टरांनी नीट समजावलं. किडनी गेली की प्रतिकारशक्ती मंदावतेच, शिवाय एचएलए नावाची जनुकं असतात. विषाणूचा तुकडा शरीराच्या पहारेकऱ्यांना दाखवायचं काम त्यांचं. ती माणसागणिक वेगळी, त्यामुळे तीच लस एकाला लागते, दुसऱ्याला लागत नाही. “जनुकांची तपासणी करू का?” मी विचारलं. ते म्हणाले, “उपचार त्याने बदलणार नाही. चार डोस पुन्हा घ्या.”

ते महिने कठीण गेले. हिपॅटायटिस बीचा विषाणू सांडलेल्या रक्तात, वाळल्यावरसुद्धा, निदान सात दिवस जगतो. पलीकडच्या मशीनचा अलार्म वाजला की टेक्निशियन तिकडे हात लावून तसेच माझ्याकडे यायचे. एकदा धीर करून म्हणालो, “दादा, ग्लोव्हज बदलता का?” ते थबकले, मग बदलले. पुढच्या वेळेपासून सांगावं लागलं नाही. हिपॅटायटिस सीला तर लसच नाही, तिथे सगळी भिस्त या ग्लोव्हजवर आणि स्वच्छतेवरच.

दुसऱ्या फेरीनंतर टायटर 41 आला. मावशींना आधी सांगितलं. आता दरवर्षी तपासायचा, 10च्या खाली गेला तर बूस्टर. पुढची तारीख फाइलच्या कव्हरवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे.