टी-वन, एसटी-२५१ आणि तो १,६४,००० चा आकडा

सुटलं एकदाचं! सीगेट एसटी-२५१ या जुन्या हार्ड डिस्कची इमेज (अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी कॉपी) टी-वनवरून, म्हणजे २४ चॅनलच्या डिजिटल टेलिफोन लाइनवरून, पाठवताना स्पीड सेकंदाला १,६४,००० बाइटच्या वर अडकून बसतो आणि काही केल्या हलत नाही म्हणून मागे वैतागून लिहिलं होतं ना, त्याचं कारण सापडलं. सेटअप तोच आहे, जुनं लिनक्स टाकलेलं ४८६, वेस्टर्न डिजिटलचा १००३ कंट्रोलर, आणि दोन राउटर क्रॉसओव्हर केबलने समोरासमोर जोडलेले, एक स्वतःच्या इंटर्नल क्लॉकवर, दुसरा लाइनवरून येणाऱ्या क्लॉकवर.

लाइनचा हिशोब तुम्हाला पाठ असेलच, तरी एकदा. १९३ बिटची फ्रेम (२४ चॅनलचे ८-८ बिट आणि वर एक फ्रेमिंगचा), सेकंदाला ८,००० फ्रेम, म्हणजे १५,४४,००० बिट. दर फ्रेममागे एक बिट फ्रेमिंगला गेला की उरले १५,३६,०००, त्याला ८ ने भागा, १,९२,००० बाइट. लाइनवर १,५०७ बाइट गेले की त्यातले १,४६० आपल्या फाइलचे, बाकी हेडर, म्हणजे हातात साधारण १,८६,००० यायला हवेत. मग मधले २१,००० जातात कुठे?

पहिला संशय अर्थातच ५६के वर. चॅनल सेकंदाला ६४ ऐवजी ५६ किलोबिटने चालत असतील तर २४ × ५६ = १,३४४ किलोबिट, म्हणजे १,६८,००० बाइट, हेडर वजा करून १,६२,७००. इतकं जवळ आल्यावर कोणीही लाइनकडेच बोट दाखवेल. राउटर मात्र बी८झेडएस (पूर्ण ६४के वापरू देणारं लाइन कोडिंग) आणि ६४के असंच छातीठोकपणे सांगत होता, आणि शिवाय एक गोष्ट डोकं खात होती की माझा आकडा या हिशोबापेक्षा *जास्त* आहे. ५६के असेल तर त्याच्या खाली जाईल, बिट स्टफिंगमुळे (मध्ये घुसवलेल्या जादा बिटांमुळे) अजून थोडा खाली जाईल, पण वर कसा जाईल?

मग सरळ टाइमस्लॉट, म्हणजे वापरातले चॅनल, कमी करून एकेक वाढवत गेलो. हा प्रकार कंटाळवाणा आहे पण कराच, फार बोलका ग्राफ येतो. प्रत्येक स्लॉटमागे सुमारे ७,७५० बाइट वाढत होते, अगदी शिडीसारखे, म्हणजे ६४के खरंच ६४के आहे (५६ असता तर ६,८०० च्या आतच वाढले असते). २१ स्लॉटपर्यंत शिडी चढली, २२ ला जेमतेम दोनेक हजार वाढले आणि त्यापुढे २४ पर्यंत सपाट. आणि २१ × ६४ किती होतात? १,३४४! २४ × ५६ एवढेच! या योगायोगानेच सगळा घोळ घातला होता.

म्हणजे लाइन मोकळी आहे, डिस्कच पुरवत नाहीये. ३,६०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ६० फेरे, ट्रॅकवर १७ सेक्टर, ५१२ बाइटचे, म्हणून ५,२२,२४० बाइट. पण इंटरलीव्ह ३:१ (लागोपाठचे सेक्टर ट्रॅकवर तीन-तीन जागांवर मांडलेले), एक ट्रॅक वाचायला तीन फेरे, उरले १,७४,०८०. अजून जुळत नाही ना? आता हेड मोजा. सहा हेड, १८ फेऱ्यांत एक सिलिंडर (सहाही हेडखालचे ट्रॅक मिळून) संपतो, मग स्टेपर (हेड सरकवणारी मोटर) पुढच्या सिलिंडरवर जाऊन स्थिरावेपर्यंत पहिला सेक्टर निघून जातो आणि अख्खा एक फेरा वाया. १८ चे झाले १९. १,७४,०८० × १८ ÷ १९ = १,६४,९१८. कागदावर हा आकडा आला तेव्हा खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आलो.

जाता जाता, ऑनलाइन कन्व्हर्टर वापरूच नका. अर्धे लोक टेलिकॉमच्या किलोबिटलाही १०२४ लावतात. टेलिकॉमचा किलो नेहमी १,००० चा. फ्लॉपीवाल्यांचं तर विचारूच नका, १.४४ एमबी म्हणजे १.४४ × १,००० × १,०२४, हे असलं माप जगात दुसरीकडे कुठे नसेल. मी माझी स्प्रेडशीट सगळी बाइट प्रति सेकंदवर आणलीये आणि शेजारी "किती स्लॉट लागतील" असा कॉलम टाकलाय. सिंगल स्पीड सीडी-रॉम १,५३,६०० बाइट, २० स्लॉटमध्ये बसतो, हे बघून उगाचच छान वाटलं.

आणि हो, "टेस्टेड" लिहून विकलेल्या वापरलेल्या कार्डांवर विश्वास ठेवू नका, माझ्या एकाच्या कनेक्टरची पिनच वाकलेली निघाली. क्रॉसओव्हर केबल तर घरीच करा, १-२ चे ४-५ ला, काही अवघड नाही.

पुढे १:१ वाला कंट्रोलर लावून तीन टी-वन मल्टिलिंकने (अनेक लाइन एकत्र करून) बांधायचे असा बेत होता, कारण वाया जाणारा फेरा धरूनही तो वेग टी-वनच्या साधारण २.४ पट होतो. पण हे लिहितानाच २:१ चं गणित करून बघितलं. १२ फेरे अधिक एक वाया, २,६१,१२० × १२ ÷ १३ = २,४१,०३४. आणि ई-वनचे (टी-वनच्या युरोपीय भावाचे) ३१ स्लॉट, हेडर वजा करून? २,४०,३०० च्या आसपास! टी-वनचं बंडल गेलं खड्ड्यात, आधी हेच करणार. ई-वन कार्डं शोधायला लागतील, २:१ झेपणारा कंट्रोलर पेटीत पडलाय. फक्त त्यासाठी लो-लेव्हल फॉरमॅट मारावा लागेल (सेक्टर नव्याने आखले जातात, आधीचा डेटा जातो), म्हणून आत्ता शेवटची इमेज काढायला लावलीये, २४ स्लॉटवर, १,६४,००० नेच.