नावं आहेत, फोटो नाहीत

डेटा परत मिळवून देण्याच्या कामात तुटलेले, भिजलेले, जळालेले ड्राइव्ह नेहमीचेच. त्या दिवशी आलेला ड्राइव्ह मात्र धडधाकट होता. वर '२ टीबी' असं छापलेलं एक्स्टर्नल एसएसडी, ॲल्युमिनियमची छोटी डबी. लग्नसमारंभांचे फोटो काढणाऱ्या एका छायाचित्रकाराने त्यावर सुमारे १९० जीबी काम साठवलं होतं. जुने फोल्डर उघडत होते. नव्या फोल्डरमधल्या फाइलींची नावं, तारखा आणि आकार सगळं जागच्या जागी होतं, पण एकही फाइल उघडत नव्हती.

"कॉपी झाल्यावर उघडून बघितलं होतं हो मी. सगळे दिसत होते," ते सांगत होते. ते खरंच बोलत होते. नुकतीच कॉपी केलेली फाइल काही वेळ संगणकाच्या रॅममध्येही राहते. लगेच उघडली तर ती रॅममधूनच दिसते, ड्राइव्हला कुणी विचारतही नाही. ड्राइव्ह काढून, पुन्हा जोडून पाहिल्याशिवाय ती तपासणी पुरी होत नाही.

पहिलं काम म्हणजे ड्राइव्हवर एक बाइटही लिहिला जाऊ द्यायचा नाही. लिनक्समध्ये ड्राइव्ह आपोआप माउंट होणं, म्हणजे वापरासाठी उघडला जाणं, आधीच बंद ठेवलं होतं. एक्सफॅट ही या ड्राइव्हवरची फाइलप्रणाली, म्हणजे फाइली मांडून ठेवायची पद्धत, नेहमीसारखी माउंट केली की तिच्यावर 'वापरात आहे' अशी खूण लिहिली जाऊ शकते, म्हणून हे महत्त्वाचं. मग ब्लॉकडेव्ह कमांडने ड्राइव्ह केवळ-वाचन केला. क्षमता विचारली तर उत्तर २ टीबीच. पण हा आकडा ड्राइव्हमधल्या कंट्रोलर चिपने सांगितलेला असतो. आत चिप किती आहेत ते संगणकाला कुठूनच कळत नाही.

वाचनाचा वेग जेमतेम सेकंदाला ३० एमबी होता. त्या वेगाने २ टीबीची प्रतिमा, म्हणजे सगळ्या ड्राइव्हची एका फाइलमधली हुबेहूब नक्कल, काढायला साडेअठरा तास लागले असते. म्हणून आधी डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडने ठरावीक ठिकाणचा एकेक एमबी उचलून, कच्चे बाइट दाखवणाऱ्या हेक्सडंपमध्ये पाहिला. ९५ जीबीवर नुसती शून्यं. ४७ वर डेटा. ७१ वर शून्यं, ५९ वर डेटा. ६५, ६२, ६० वर पुन्हा शून्यं. सात वाचनांत हद्द सापडली: ५९ आणि ६० जीबीच्या मध्ये कुठेतरी. फाइली सलग लिहिलेल्या असतीलच असं नाही, म्हणून १००, १२० आणि १५० जीबीपाशीही आठ-दहा ठिकाणी वाचून पाहिलं. सगळीकडे शून्यं.

आत ६४ जीबीचं कार्ड असावं, असा अंदाज इथेच आला (संगणकाच्या मोजणीत ते ५९-६० जीबीचंच भरतं). बनावट क्षमतेचे ड्राइव्ह बहुतेक दोन तऱ्हेचे. एकात हद्दीपलीकडचं लेखन गुपचूप टाकून दिलं जातं आणि 'लिहिलं' असं उत्तर मिळतं. दुसऱ्यात पत्ता फिरून सुरुवातीला येतो आणि नवा डेटा जुन्यावर चढतो. दुसरी तऱ्हा असती तर हद्दीच्या आसपास ड्राइव्हच्या सुरुवातीची 'एक्सफॅट' ही अक्षरं पुन्हा दिसली असती, आणि सुरुवातीची फाइलींची यादीही बिघडली असती. इथे यादी शाबूत होती, कारण ती खऱ्या चिपवर होती. पलीकडचे फोटो मात्र कधी लिहिलेच गेले नव्हते. जे लिहिलंच नाही ते कोणतंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही, आणि हे त्यांना तेव्हाच स्पष्ट सांगणं भाग होतं. खोट्या आशेवर माणूस दहा ठिकाणी पैसे आणि वेळ घालवतो.

मग फक्त पहिले ६० जीबी डीडीरेस्क्यू या बचावाच्या साधनाने प्रतिमेत घेतले. आधी अडलेले भाग सोडून एक फेरी, नंतर तीन पुनर्प्रयत्नांची दुसरी. कुठवर वाचून झालं ते नोंदवणारी मॅपफाइल दिलेली असली की मध्ये वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. पस्तीस-चाळीस मिनिटांत प्रतिमा तयार झाली, पण माउंट होईना. फाइलप्रणाली स्वतःला २ टीबीची समजते आणि प्रतिमा ६० जीबीची, म्हणून ती नकार देते. उपाय सोपा आहे. ट्रंकेट कमांडने प्रतिमेचा आकार मूळ ड्राइव्हने सांगितलेल्या नेमक्या बाइटइतका वाढवायचा. वाढवलेला भाग विरळ राहतो, डिस्कवर जागा खात नाही. मात्र प्रतिमा ईएक्सटी४ सारख्या फाइलप्रणालीवर हवी. फॅट३२ किंवा एक्सफॅटवर हे जमत नाही. त्यानंतर केवळ-वाचन माउंट केलं आणि फोल्डरांचं सगळं झाड समोर आलं.

कोणती फाइल जिवंत आहे ते नावावरून ठरत नाही. जेपेग फाइली जेपेगइन्फोच्या तपासणीतून काढल्या, व्हिडिओ एफएफएमपेगने पूर्ण डीकोड करून फक्त चुका छापायला लावल्या. नेमक्या हद्दीवर पडलेला एक फोटो लक्षात राहिला: वर मांडवाची झालर आणि नवरीच्या मुंडावळ्या स्पष्ट, कपाळाखाली एकसारखा करडा पट्टा. हद्दीवरचा एमपी४ तर अजिबात चालेना. अनेक कॅमेरे व्हिडिओची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी लिहितात, आणि ती पलीकडे गेली होती. त्याच कॅमेऱ्याचा, त्याच सेटिंगचा एक चांगला व्हिडिओ नमुना म्हणून देऊन अनट्रंक या मुक्त साधनाने त्याचा वाचलेला भाग चालता केला.

उरलेल्या १३० जीबीचं काय? मी विचारलं, "कॅमेऱ्यातली कार्डं कुठे आहेत?" चार कार्डं होती, चारही फॉरमॅट केलेली. त्यातल्या एकावर नवं चित्रण झालं होतं. कॅमेऱ्यातलं साधं फॉरमॅट बहुधा फक्त यादी पुसतं, फोटो जागेवरच असतात. लो-लेव्हल फॉरमॅट केलं असेल तर गोष्ट संपली. यांनी साधंच केलं होतं.

प्रत्येक कार्डाची आधी प्रतिमा घेतली, मग प्रतिमेवर पुसलेल्या फाइली शोधणारं फोटोरेक चालवलं. इथे दोन ठिकाणी लोक अडतात. एक म्हणजे 'फ्री' (फक्त रिकामी जागा) न निवडता 'होल' (सगळी जागा) निवडायचं. दुसरं, अनेक कॅमेऱ्यांच्या रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या कच्च्या, फाइली फोटोरेकच्या यादीत 'टिफ' या नावाखाली येतात. ती खूण काढली तर रॉ सापडतच नाहीत. निकाल अर्थात दुसऱ्या डिस्कवर. फाइलींची मूळ नावं जातात, म्हणून एक्झिफटूलने प्रत्येक फोटोला त्याच्या चित्रण-वेळेवरून नाव दिलं. एकाच सेकंदाचे अनेक फोटो असतात, तेव्हा नावात अनुक्रमांक ठेवायचाच. तीन कार्डांवरचं जवळजवळ सगळं मिळालं. चौथ्यावरचा नव्या चित्रणाखाली दबलेला भाग गेला तो गेलाच. काही लांब व्हिडिओही तुकड्यांत विखुरलेले असल्याने अर्धवटच निघाले.

डेटा हाती आल्यावर, त्यांच्या परवानगीने, मूळ ड्राइव्हवर खरी क्षमता तपासणारं एफ३प्रोब चालवलं. ते थेट उपकरणावर लिहून तपासतं, म्हणून डेटा वाचवायच्या आधी कधीच नाही. काही मिनिटांत उत्तर आलं: बनावट, पलीकडचं टाकून देणाऱ्या तऱ्हेचा. एफ३फिक्सने खऱ्या क्षमतेइतकं पार्टिशन करता येतं, पण ग्राहकांच्या कामासाठी असा ड्राइव्ह मी कुणालाच वापरू देत नाही. डबी उघडली तेव्हा आत यूएसबी कार्डरीडरच्या पट्टीत एक मायक्रोएसडी आणि गोंदाचा थर.

त्यांनी आणलेल्या नव्या ड्राइव्हवर एफ३राइटने काठोकाठ फाइली लिहिल्या, ड्राइव्ह काढून पुन्हा जोडला आणि एफ३रीड सुरू केलं. 'डेटा लॉस्ट'च्या ओळीत शून्य दिसल्यावरच त्या फाइली पुसल्या आणि वाचलेलं काम कॉपीला लावलं. कार्डांच्या प्रतिमा मात्र त्यांनी सगळे अल्बम तपासून होईपर्यंत माझ्याकडेच ठेवल्या आहेत.