मूकीला का दिलं? बॉस्टनचा हिवाळा आणि न संपणारी भांडणं

बेसबॉलचा सीझन ऑक्टोबरच्या शेवटी, फार तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपतो आणि मग आमच्या बॉस्टनमधे खरी मजा चालू होते. मॅच एकही नाही, फेनवे पार्क हे आमचं मैदान बंद, साडेचारला अंधार, आणि लोकं मात्र रेड सॉक्स या आमच्या टीमबद्दल उन्हाळ्यात बोलत नाहीत तेवढी आता बोलणार. कोणाला घ्यायचं, कोणाला देऊन टाकायचं, मॅनेजर ठेवायचा का हाकलायचा. डंकिनच्या कॉफीच्या रांगेत तेच, ऑफिसच्या लिफ्टमधे तेच, गाडीवरचा बर्फ खरवडताना शेजाऱ्याशी तेच. स्पोर्ट्स रेडिओ लावला तर कोणीतरी "बरीच वर्षं ऐकतोय, फोन पहिल्यांदाच करतोय" असं नम्रपणे सांगतो आणि मग पुढची पाच मिनिटं टीमच्या मालकाला जे काही बोलतो ना, विचारू नका.

घरून फोन आला की सगळे विचारतात, अरे तो बेसबॉल किती बोअर, तू बघतोस कसा. बघायला असतो कधीकधी बोअर, खोटं कशाला बोलू. पण ही हिवाळ्यातली भांडणं मला मॅचपेक्षा जास्त आवडतात, आणि ती कळायला बेसबॉलचे नियम फारसे लागतही नाहीत.

दोनचार गोष्टी मात्र आधी सांगतो. आपल्याकडे मैदानावरचे निर्णय कॅप्टन घेतो, इथे बहुतेक टीमना कॅप्टनच नसतो. मॅनेजर असतो, पन्नाशीचा वगैरे माणूस, पण खेळाडूंसारखाच युनिफॉर्म घालून मैदानाकडेच्या डगआउटमधे बसतो, आणि पिचर, म्हणजे आपला बॉलर, दमला का, त्याला काढायचा का, हे तो ठरवतो. एकदा काढलेला पिचर त्या मॅचमधे परत पिचिंगला येत नाही, म्हणून तो निर्णय भारी पडतो. टीम कोणाची बनवायची हे मात्र मॅनेजर ठरवत नाही, ते वरच्या मजल्यावरचे लोक, म्हणजे फ्रंट ऑफिस. आणि ट्रेड म्हणजे अदलाबदल, आमचा एक घ्या, तुमची तीन पोरं द्या. खेळाडूला कोणी विचारत नाही. काँट्रॅक्टमधे तशी अट असेल किंवा लीगमधे दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच सलग एकाच टीमकडे झाली असतील तरच त्याला नाही म्हणता येतं. बाकीच्यांना फोन येतो की तू आजपासून दुसऱ्या शहराचा. बायको, पोरांच्या शाळा, भाड्याचं घर, ते तू बघ.

मुंबई इंडियन्सवाल्यांना हे पटकन कळेल. २०२३ च्या नोव्हेंबरात हार्दिकला गुजरातकडून ट्रेडमधे परत आणला आणि डिसेंबरात पाच ट्रॉफ्या जिंकून दिलेल्या रोहितला बाजूला करून त्याला कॅप्टन केला, आणि मग वानखेडेवर आपल्याच लोकांनी आपल्याच कॅप्टनची हुर्यो उडवली. ट्रेड आणि म्होरक्या बदलणं, दोन्ही एकाच हिवाळ्यात. बॉस्टनला असा हिवाळा २०२० साली आला होता आणि तो अजून संपलेला नाही असं माझं मत आहे.

झालं काय, तर २०१७ साली ह्यूस्टन अॅस्ट्रोजने वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची फायनल, जिंकली, आणि नंतर कळलं की ते लोक कॅमेऱ्यावरून समोरचा कॅचर (आपला विकेटकीपर) पिचरला कोणता बॉल टाक म्हणून करतो त्या खुणा चोरायचे आणि आपल्या बॅटरला कळावं म्हणून डगआउटजवळ चक्क कचऱ्याचा डबा बडवायचे. कोट्यवधी डॉलर्सची लीग आणि चीटिंग कशाने, तर डबा वाजवून! तेव्हा अॅस्ट्रोजचा बेंच कोच, म्हणजे मॅनेजरचा उजवा हात, होता अॅलेक्स कोरा. तोच कोरा २०१८ ला आमच्याकडे मॅनेजर म्हणून आला आणि पहिल्याच वर्षी १०८ मॅच आणि वर्ल्ड सिरीज जिंकून देव झाला. १३ जानेवारी २०२० ला लीगचा रिपोर्ट आला आणि दुसऱ्या दिवशी देव गेला. रेड सॉक्स आणि कोरा "परस्पर संमतीने" वेगळे झाले. स्प्रिंग ट्रेनिंग, म्हणजे सीझनआधीचा सराव, महिन्यावर आलेलं आणि टीमला मॅनेजर नाही.

तर तेव्हाचं भांडण असं की कोराने गुन्हा केला तो ह्यूस्टनला, मग त्याची शिक्षा आम्हाला का. अर्धे लोक असं म्हणणारे आणि अर्धे म्हणणारे की आमचं २०१८ तरी किती स्वच्छ होतं कोणास ठाऊक. आमच्या ऑफिसमधे अकाउंट्सला एक बाई आहे, जन्म डॉर्चेस्टरचा, चर्चला नेमाने जाणारी, ती म्हणाली चीटिंग ते चीटिंग, गेला ते बरं झालं. आणि नोव्हेंबरात, कोराची एक वर्षाची बंदी संपल्यावर टीमने त्यालाच परत घेतला तेव्हा हीच बाई इतकी खूश की ऑफिसात डोनट्सचा डबा घेऊन आली. मी काही बोललो नाही, डोनट खाल्ला.

पण कोराचं दुःख तीन आठवडेच टिकलं कारण फेब्रुवारीत मूकी बेट्स गेला.

मूकी म्हणजे २०११ च्या ड्राफ्टमधे, म्हणजे नव्या पोरांच्या वाटपात, पाचव्या राउंडला घेतलेला पोरगा, रेड सॉक्सच्याच मायनर लीगमधल्या, म्हणजे खालच्या पातळीवरच्या, टीममधे वाढलेला, २०१८ चा अमेरिकन लीगचा (इथल्या दोन लीगपैकी आमची) सर्वोत्तम खेळाडू. वर्षभराने काँट्रॅक्ट संपणार होता आणि तो स्वस्तात सही करायला तयार नव्हता. मालकांना पगाराचा आकडा २० कोटी ८० लाख डॉलर्सच्या खाली आणायचा होता, त्याच्या वर गेलं की लीगला लक्झरी टॅक्स भरावा लागतो आणि सलग वर्षं भरत गेलं की दर वाढत जातो. मग त्यांनी मूकी आणि त्याच्याबरोबर डेव्हिड प्राइस हा महागडा पिचर, असे दोघे लॉस एंजेलिस डॉजर्सना दिले, वर प्राइसचा निम्मा पगारही आपणच द्यायचं कबूल केलं. आधी ठरलेल्या सौद्यात मिनेसोटाही होती, पण त्यांच्या पोराच्या मेडिकलवरून घोळ झाला आणि मधले काही दिवस सौदा लटकला. ते दिवस काय होते सांगू, ठरलेलं लग्न मोडतंय अशी कुजबुज लागल्यावर ते लग्न नको असलेली मुलीकडची मंडळी जशी मनातून हरखतात तसं अख्खं शहर हरखलं होतं. नाही मोडलं. बदल्यात आले अॅलेक्स व्हर्डुगो, जेटर डाउन्स आणि कॉनर वाँग.

आता पुढचा हिशोब बघा. त्याच उन्हाळ्यात डॉजर्सनी मूकीला १२ वर्षांचा ३६ कोटी ५० लाख डॉलर्सचा काँट्रॅक्ट दिला आणि त्याच वर्षी ते वर्ल्ड सिरीज जिंकले. कोरोनामुळे छोट्या झालेल्या त्या सीझनमधे आम्ही ६० पैकी २४ जिंकून डिव्हिजनमधे तळाला. डाउन्स बॉस्टनकडून जेमतेम काही मॅच खेळला आणि गेला, व्हर्डुगोला नंतर कोणाला दिला तर न्यूयॉर्क यांकीजना, आमच्या हाडवैऱ्यांना, म्हणजे जखमेवर मीठच. उरला वाँग. इथे कोणाचंही काही हरवलं, चावी, मोजे, काहीही, की कोणीतरी म्हणणारच, "निदान आपल्याकडे कॉनर वाँग आहे." तो बिचारा मन लावून कॅचिंग करतो, त्याचा काय दोष.

मला विचाराल तर हा ट्रेड बेसबॉलचा नव्हताच, तो सीएचा होता. आणि लोकांना राग याचाच आहे. टीम गरीब असती तर समजलं असतं, पण मालकांकडे लिव्हरपूल फुटबॉल क्लब पण आहे, त्यामुळे दर हिवाळ्यात रेडिओवर कोणीतरी "आमचे पैसे इंग्लंडला जातात" हे म्हणतोच. खरं-खोटं त्यांचे ऑडिटर जाणोत.

आमच्या घरमालकाचे वडील खालच्या मजल्यावर राहतात, ऐंशीच्या पुढचे. त्यांच्यासमोर मूकीचं नाव काढलं की ते हात झटकतात, तुम्ही पोरांनी काय बघितलंय म्हणतात आणि गाडी १९१९ च्या डिसेंबरपासून सुरू करतात, बेब रूथला एक लाख डॉलर्सना यांकीजना विकला आणि मग २००४ पर्यंत, म्हणजे १९१८ च्या ट्रॉफीनंतर ८६ वर्षं, आम्हाला ट्रॉफी नाही. पण त्यांचा खरा आवडता हिवाळा २००३ चा. त्या ऑक्टोबरात यांकीजविरुद्ध सातवी, निर्णायक मॅच, आठवी इनिंग, आपण ५-२ ने पुढे, पेड्रो मार्टिनेझ दमलेला सगळ्यांना दिसतोय, मॅनेजर ग्रेडी लिटल चालत माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, जातो, पेड्रोशी दोन शब्द बोलतो आणि त्याला तिथेच ठेवून परत येतो. ५-५ झालं, आणि अकराव्या इनिंगमधे यांकीजच्या अॅरन बूनच्या होम रनने, म्हणजे आपल्या सिक्सरने, खेळ खल्लास. हा बून आता यांकीजचा मॅनेजर आहे. म्हातारेबाबा ही गोष्ट सांगताना अजून खुर्चीतून उठतात आणि "काढ त्याला!" असं भिंतीला सांगतात. ग्रेडीने त्या सीझनमधे ९५ मॅच जिंकल्या होत्या, पण महिना संपायच्या आत त्याला नारळ दिला.

आणि मग त्या हिवाळ्यात जे झालं नाही ते तर अजूनच भारी. टीमने अॅलेक्स रॉड्रिगेझला आणायचं जवळजवळ पक्कं केलं होतं, बदल्यात मॅनी रामिरेझला द्यायचं. अख्ख्या शहराला तो सौदा हवा होता. रॉड्रिगेझ पगार कमी करून यायला तयार होता पण खेळाडूंच्या युनियनने सांगितलं की पगार असा कमी करून चालणार नाही, उद्या सगळ्यांचेच कापाल. फिसकटलं. फेब्रुवारीत तो गेला कुठे, तर यांकीजकडे! लोकांनी डोकं धरलं. आणि पुढच्या ऑक्टोबरात टेरी फ्रँकोना या नव्या मॅनेजरच्या टीमने त्याच यांकीजना ०-३ वरून ४-३ ने हरवलं, वर्ल्ड सिरीज जिंकली आणि वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला मॅनी रामिरेझ. मी एकदा म्हातारेबाबांना विचारलं की तेव्हा तुम्ही कोणत्या बाजूने होता. म्हणाले, मी तर मॅनीला फुकट द्यायला तयार होतो.

मॅनेजरवरून एवढी डोकी फुटतात त्यातली निम्मी उगाच फुटतात असं मला वाटतं. हातात जी टीम दिली ती तो खेळवतो, टीव्हीवर रोज दिसतो म्हणून शिव्या त्याला. तरी एक किस्सा सांगतोच. २०१२ ला बॉबी व्हॅलेंटाइन नावाचा मॅनेजर आणला आणि ९३ मॅच हरलो, त्याला एका वर्षात घालवला. नवा हवा होता जॉन फॅरेल, पण तो टोरंटोकडे काँट्रॅक्टमधे अडकलेला. मग त्याच्यासाठी माइक अॅव्हिलेस हा शॉर्टस्टॉप देऊन टाकला. मॅनेजरचा ट्रेड! आणि २०१३ ला फॅरेलने वर्ल्ड सिरीज जिंकून दिली. घरी हे सांगितलं तर माझ्या बाबांना पटेचना, म्हणे मग कोचच्या बदल्यात उद्या अंपायर देतील.

अलीकडचं म्हणाल तर राफेल डेव्हर्स. मूकी गेल्यावर लोकांचा ओरडा एवढा होता की २०२३ च्या जानेवारीत याला दहा वर्षांसाठी ३१ कोटींच्या वर देऊन बांधला. मग २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच्याच जागेवर खेळणारा अॅलेक्स ब्रेगमन आणला. डेव्हर्स म्हणाला थर्ड बेस माझी जागा आहे, मी हलणार नाही. शेवटी नुसता बॅटिंगला उतरायला लागला, मग फर्स्ट बेसवाला जखमी झाला तर त्याला म्हणे आता तिथे उभा रहा, तो नाही म्हणाला. १५ जूनला फेनवेवर यांकीजविरुद्धची सलग तिसरी मॅच जिंकली, त्या दिवशी डेव्हर्सनेच होम रन मारली आणि संध्याकाळी बातमी, डेव्हर्स सॅन फ्रान्सिस्कोला. यात मी फ्रंट ऑफिसच्या बाजूने आहे, म्हणजे साधारण ६०-४०, आणि हे इथे लिहितोय कारण ऑफिसमधे बोलायची सोय नाही.

गंमत म्हणजे लोकं गेलेल्याचा हिशोब वर्षानुवर्षं ठेवतात, आलेल्याचा नाही. २०२३ च्या शेवटी ख्रिस सेल अटलांटाला दिला, सतत जखमी असायचा म्हणून, आणि पुढच्याच वर्षी तो नॅशनल लीगचा साय यंग अवॉर्ड, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा मान, घेऊन बसला. हे रोज ऐकायला मिळतं. पण डिसेंबर २०२४ ला शिकागोला चार पोरं देऊन गॅरेट क्रोशे हा पिचर आणला, तेव्हा त्या चारातल्या काइल टीलसाठी आमच्या अकाउंट्सच्या बाई हळहळत होत्या, त्याचे मायनर लीगचे आकडे तिला पाठ. मग क्रोशेने पहिल्याच वर्षी २५५ बॅटर स्ट्राइकआउट, म्हणजे बॉल मारू न देता बाद, केले. बाईंचं मत? "हो, पण टील पण चांगला खेळतोय तिकडे."

फेब्रुवारीच्या सुरुवातीला फेनवेवरून सामानाचा ट्रक निघतो, फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला, साधारण दीड हजार मैल, आत वीस हजारावर बॉल, बॅटी, सूर्यफुलाच्या बियांची खोकी. कडाक्याच्या थंडीत लोकं त्या ट्रकला टाटा करायला जमतात, याला ट्रक डे म्हणतात, मीपण जातो. गेल्या खेपेला माझ्या बाजूचा एक जाडजूड काका ड्रायव्हरला ओरडून सांगत होता, "येताना मूकीला घेऊन ये!" त्यावर मागून एक बाई म्हणाली डॉजर्स अॅरिझोनात असतात, हा ट्रक फ्लोरिडाला चाललाय. काका म्हणाला मग वळवायला सांगा. ती म्हणाली मूकी आता तिशी ओलांडलेला, एवढा पगार देऊन कशाला, त्यापेक्षा पिचर बघा. झालं, ट्रक कोपऱ्यावरून वळून गेला तरी दोघांचं चालूच, आणि आजूबाजूचे पाचसहा जण त्यात पडलेले.