बेटावरची सापसुरळी आणि शंभरचा बल्ब

मे महिन्यातली दुपार, पारा ४३ च्या वर. जुळे सोलापुरातल्या माझ्या दवाखान्यात कॉलेजातला एक मुलगा बुटाचा खोका घेऊन आला, मागोमाग त्याचे वडील. "सकाळधरनं हलंना झालंय. मेलंय की ओ डॉक्टर ते, पण ह्यो ऐकंना."

खोक्यात वीतभर लांबीचा काळपट जीव. पाठीवर मागं वळलेल्या काट्यांच्या ओळी, डोळ्यांभोवती नारिंगी कडं. दिसायला मगरीचं पिल्लू, पण जातीनं सापसुरळी. प्रजातीचं नाव ट्रिबोलोनोटस. मूळ मुक्काम न्यू गिनी आणि सॉलोमन बेटांकडची दमट जंगलं. आमच्याकडे कुत्री, शेरडं, फार तर पोपट येतात. हे पुण्यातून कुणाकडून तरी आणलेलं. त्याआधी कुठून आलं, ते मुलालाही ठाऊक नव्हतं.

घाबरली की ही सापसुरळी मेल्यासारखी ताठ पडते, म्हणून मी डॉप्लर, म्हणजे काळजाचे ठोके ऐकवणारं यंत्र, लावलं. सरड्या-सुरळ्यांचं काळीज पुढच्या पायांच्या मधोमध असतं. ठोके संथ होते, पण लागत होते. मागचे पाय बघायला उलटं केलं, तर ते चक्क चिरकलं! वडील दारापर्यंत मागं सरले. हिला धरलं की ती ओरडते, हे वाचलेलं होतं. कानांनी ऐकणं निराळं. मागच्या बोटांखाली पांढरट गाद्या दिसल्या, म्हणजे नर. मुलानं नाव ठेवलं होतं राणी.

डोळे खोल गेलेले, कातडीला सुरकुत्या. दुखणं सरळ होतं: पाणी आटलेलं. वाळवंटातल्या सरड्याचा कुठला तरी व्हिडिओ बघून पोरानं काचपेटीवर शंभर वॅटचा बल्ब लावला होता. सोलापुरात, मे महिन्यात! पंचविशीच्या आसपासच्या गारव्यात, ओल्या पाचोळ्यात राहणारा जीव तो.

पोट बुडेल एवढ्याच साध्या पाण्यात ठेवला. बर्फाचं पाणी नको, हे वडिलांना दोनदा सांगावं लागलं. मग कातडीखालून थोडं सलाईन दिलं आणि खोका अंधारात ठेवला. संध्याकाळी तो कोपरा बदलून बसला होता.

"सिद्धेश्वराच्या देवळापाशी नारळवाले बसतात, त्यांच्याकडनं सोडणं आण. उकळून, गार करून, ओलीच पेटीत घाल," मी सांगितलं. न्यू गिनीत हे प्राणी नारळाच्या बागांतल्या सोडणांच्या ढिगातही राहतात.

दोन-तीन दिवसांनी फोन आला. रात्री दिवा मालवल्यावर गांडूळ खाल्लं होतं. कूलर आता पेटीच्या खोलीत गेलाय, म्हणून वडील चिडलेत. नाव मात्र राणीच राहणार म्हणे.