तुम्ही विचारलंत म्हणून: "पीसी सारखा हँग होतोय, फॉरमॅट मारू का?"

आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. कधी फोनवर, कधी जिन्यात, एकदा तर तुळशीबागेत दोन्ही हातात पिशव्या असताना आला. "ताई, डेस्कटॉप सारखा हँग होतोय हो, फॉरमॅट मारू का?" मी काही हार्डवेअरवाली नाही. नारायण पेठेत घरातूनच डीटीपी करते, बावीस वर्षं झाली, पुस्तकं, लग्नपत्रिका, स्मरणिका आणि श्रावण लागला की दिवाळी अंक. पण मशीन बंद तर माझं दुकान बंद, त्यामुळे जे काही शिकले ते नाइलाजाने शिकले, आणि एकदा चांगली पोळून शिकले.

तर उत्तर: नका मारू. निदान आज तरी नका.

आधी मला सांगा, हँग म्हणजे नक्की काय होतं? हे विचारलं की लोक चिडतात. "हँग म्हणजे हँग!" अहो पण "बरं वाटत नाहीये" एवढ्यावर डॉक्टर तरी गोळी देतो का? (देतात काही, तो विषय वेगळा.) सगळं थिजलं पण माउस हलतोय, असं आहे का? की माउसही मेला, स्पीकरमधून एकच आवाज घर्रर्र करत राहिला? की काही न सांगता खाडकन बंद पडून परत चालू झाला? की निळा स्क्रीन आला? हे चारही प्रकार लोक हँगमध्येच धरतात आणि चारींची कारणं साधारण वेगळी असतात. पुढच्या वेळी थिजला की कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागतो-विझतो म्हणजे आत जीव आहे, तो कशाची तरी वाट बघतोय, बहुतेक डिस्कची. दिवा ढिम्म राहिला तर मामला जरा खोल, रॅम, ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड, एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) यातलं काहीतरी. कॅबिनेटवरचा तो छोटा डिस्कचा दिवाही बघा, लुकलुकतोय की एकसारखा लागून राहिलाय. या दिव्याकडे मी वीस वर्षं बघितलं नव्हतं आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

दोन वर्षांपूर्वी, श्रावणातच, एकशेसाठ पानांचा दिवाळी अंक हातात होता आणि मशीन थिजायला लागलं. अर्धा मिनिट सगळं स्तब्ध, माउस फिरतोय पण क्लिक कुठेच लागत नाही, मग एकदम सगळी क्लिकं धडाधड लागायची, जिथे नको तिथे. दिवसातून दोनदा, मग पाचदा, मग निळा स्क्रीन. जवळच्या दुकानातला मुलगा आला, कॅबिनेट उचलून घेऊन गेला, ब्लोअर मारला, फॉरमॅट मारला, दुसऱ्या दिवशी आणून दिलं. आता फॉरमॅट म्हणजे त्याच्यासाठी एक तास, पण माझ्यासाठी दोन दिवस, कारण श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) परत टाका, तिचं लॉक ओळखत नाही म्हणून बसा, पानं लावायचं जुनं पेजमेकर परत टाका, जमवलेले फॉन्ट परत टाका आणि एखादा फॉन्ट राहिला की अर्ध्या अंकात ओळी इकडच्या तिकडे. पण मशीन चाललं! पाच दिवस सुरळीत. मी त्या मुलाला चहा पाजला, शेजारी त्याचं नावही सांगितलं.

सहाव्या दिवशी परत.

मग तो म्हणाला रॅम गेली असेल. नवी टाकली, अडीच हजार. आठवडाभर ठीक, परत सुरू. मग अँटीव्हायरस बदलला, मग "काकू, आता बोर्डच बदलावा लागेल". घरात आमचे हे म्हणाले नवीनच घेऊन टाक, आणि मी घेणारही होते, पण अंक छापायला जायला बारा दिवस राहिलेले, नव्या मशीनवर सगळं परत बसवायची ताकद नव्हती. म्हणून वहीत लिहायला लागले. किती वाजता थिजलं, मी काय करत होते, दिवा कसा होता. तीन दिवसांत बारा नोंदी झाल्या आणि बाराही वेळा डिस्कचा दिवा एकसारखा लागलेला, एकदाही लुकलुकत नव्हता.

भाच्याला फोन केला, तो बाणेरला आयटीत आहे. त्याने दोन गोष्टी बघायला सांगितल्या. एक, इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, तिथे सिस्टीमच्या नोंदींत बघ. बघितलं तर प्रत्येक थिजण्याच्या वेळेला स्टोरएएचसीआयची (डिस्कशी बोलणारं विंडोजचं सॉफ्टवेअर) १२९ नंबरची वॉर्निंग, डिव्हाइस रिसेट केलं म्हणून. म्हणजे विंडोज डिस्कला हाका मारतंय, ओ मिळत नाही, शेवटी कंटाळून तो रस्ताच रिसेट करतंय. दोन, क्रिस्टलडिस्कइन्फो, फुकट आहे, ते टाक. डिस्कची तब्येत त्यात आकड्यांत दिसते. त्यातला ०५ म्हणजे खराब होऊन बाजूला काढलेले सेक्टर आणि सी ५ म्हणजे संशयित सेक्टर, हे वाढत असतील तर डिस्क चालली, सगळं सोडून आधी बॅकअप घ्यायचा. माझे दोन्ही शून्य. पण सी ७, सीआरसी एरर, तो हजाराच्या वर, आणि दुपारी बघितला तर सकाळपेक्षा जास्त. (तिथले आकडे आधी हेक्झमध्ये दिसतात, सेटिंगमध्ये साधे करून घ्या नाहीतर उगीच घाबराल.) सी ७ म्हणजे डिस्क ठणठणीत आहे पण वाटेत बोलणं तुटतंय. फोनवर कुणी प्रूफ वाचून दाखवतंय आणि मध्ये खरखर, "काय म्हणालात? परत सांगा", तसं. वाट म्हणजे साटा केबल, डिस्क आणि मदरबोर्ड जोडणारी. कॅबिनेटचं झाकण काढलं तर ती लाल केबल, क्लिप नसलेली, झाकणाने दाबून काटकोनात वाकलेली.

चालत अप्पा बळवंत चौकातून तपकीर गल्लीत गेले, क्लिपवाली केबल शंभर रुपयांच्या आत मिळाली. तेव्हापासून एकदाही नाही.

आता यातलं मला जे खरं लागलं ते हे की तो मुलगा लबाड नव्हता. दरवेळी त्याने कॅबिनेट उघडलं, आत हात घातला, केबल हलली, जरा नीट बसली आणि पाच-सात दिवस मशीन चाललं. श्रेय मिळालं फॉरमॅटला, मग रॅमला. मी पण दिलं. आमच्या धंद्यात एकाच प्रूफवर तिघांनी न खुणा करता दुरुस्त्या केल्या तर पुढच्या प्रूफला कोणती चूक कुणाची ते ब्रह्मदेवालाही कळत नाही, हे मी लोकांना ओरडून सांगते आणि स्वतःच्या मशीनवर मात्र ब्लोअर, फॉरमॅट, रॅम सगळं एकावर एक होऊ दिलं. म्हणून म्हणते, एका वेळी एकच गोष्ट बदला, मग थांबा, लिहा. आणि "बरं झालं" म्हणायच्या आधी जेवढे दिवस एरवी मध्ये जातात त्याच्या तिप्पट दिवस जाऊ द्या.

बाकीचं भराभर सांगते. खाडकन बंद पडत असेल तर आधी पॉवर आणि गरमी. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल पॉवर ४१ दिसेल आणि तुम्ही म्हणाल सापडलं! नाही सापडलं. ४१ फक्त एवढंच सांगतो की मशीन नीट शट डाउन न होता बंद पडलं, का ते सांगत नाही. ते वाचून एसएमपीएस बदलणारे मी पाहिलेत. सीपीयू शंभर डिग्रीच्या आसपास जात असेल तर फॅन, धूळ, सीपीयूवरची वाळलेली पेस्ट बघा, आणि कॅबिनेट त्या लाकडी कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात असेल तर आधी बाहेर काढा, मे महिन्यात तो कप्पा म्हणजे ओव्हन असतो. निळा स्क्रीन वाचायच्या आत मशीन रिस्टार्ट होत असेल तर स्टार्टअप अँड रिकव्हरीमधली ऑटोमॅटिक रिस्टार्टची टिक काढून टाका आणि फोटो काढून ठेवा. दरवेळी तोच कोड असेल तर बहुतेक एखादा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर), दरवेळी वेगळा असेल तर रॅमचा संशय घ्या. रॅमला खोडरबर घासायची आपल्याकडची विद्या मी नाकारत नाही, पण निम्मा गुण ती काढून परत बसवण्याचाच असतो. खरी परीक्षा म्हणजे पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवणं, एक जरी एरर आली तरी नापास, इथे पस्तीस मार्कांना पास नाही. इंटेलची १३ वी-१४ वी पिढी असेल तर बायोसचा (मदरबोर्डच्या आतल्या सॉफ्टवेअरचा) अपडेट आहे का ते नक्की बघा, त्यातल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरना व्होल्टेज जास्त जाऊन क्रॅश होण्याचा त्रास होता, २०२४ मध्ये कंपनीने मान्य करून दुरुस्ती काढली आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून हँग होतंय, असं कुणी सांगितलं तर हसा. नेहमीचे अपडेट थांबले, त्याने सुरक्षेचा प्रश्न येतो, मशीन थिजत नाही.

एक केस मात्र सांगायलाच हवी. सिंहगड रोडला एक ओळखीचे काका, शेअर बघतात, त्यांचा पीसी सकाळी पावणेसातच्या सुमाराला रिस्टार्ट व्हायचा. फॉरमॅट दोनदा झालेला, अर्थातच. मी म्हटलं वहीत लिहा. दोन आठवड्यांनी फोन, "अहो, गुरुवारी नाही होत!" आता पुण्यात गुरुवारी काय नसतं? पाणी! त्या दोन्ही गुरुवारी कॉर्पोरेशनचं पाणी बंद होतं, आणि पाणी नाही म्हणून सोसायटीचा पंप लागला नव्हता. एरवी पावणेसातला वॉचमन पंप चालू करतो, क्षणभर व्होल्टेज खाली येतं, यूपीएस बॅटरीवर जायला बघतो आणि बॅटरी केव्हाच मेलेली. यूपीएस नसता तर एसएमपीएसने तो डोळे मिचकावण्याएवढा झटका कदाचित पचवलाही असता, मेलेल्या बॅटरीचा यूपीएस उलट नडला. त्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत दम सोडतात. तपासायचं तर पीसी बंद करून यूपीएसला टेबल लॅम्प लावा आणि भिंतीतला प्लग काढा, लॅम्प विझला की कळलं. काकांनी नवी बॅटरी टाकली, रिस्टार्ट थांबलं. पंपाचा वास यूपीएसला कसा लागतो हे ते अजून सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगतात.

माझ्या मशीनवरचा सी ७ अजून तेवढाच आहे. तो आकडा कमी होत नसतो, फक्त वाढायचा थांबतो, म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला वीजबिलासारखा बघते आणि वहीत टिक करते. ती लाल केबल मात्र त्याच दिवशी कात्रीने कापली. नाहीतर आमच्याकडे ती "असू दे, लागेल" म्हणून खणात पडली असती, आणि लागलीही असती.